नाताळला जेवायला बोलावलंय? अवश्य जा!

तुमच्या ओळखीत एखादं तरी ख्रिस्ती कुटुंब असेलच. नसेल तर नोव्हेंबर संपायच्या आत एखादी ओळख काढून ठेवा, कारण बेकरीत केकला पैसे पडतात. कुटुंब वसईचं असेल तर उत्तमच. लोकलने जाता येतं, परतताना वाडीतली केळी किंवा भाजी फुकटात मिळण्याचा संभव असतो आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर मुलांचे फोटो निघतात ते वेगळेच. मी वसईची, जन्माने ख्रिस्ती आणि लग्नानंतर कायमची यजमानीण. त्यामुळे पाहुण्यांनी कसं वागावं याचा अनुभव माझ्याकडे भरपूर साठलाय. गेल्या नाताळात तर तो उतू गेला.

सुरुवात केकच्या आठवणीने करावी. साधारण २० डिसेंबरला मेसेज टाकायचा, ‘केक कधी?’ कशी आहेस, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, असल्या प्रस्तावनेत वेळ दवडू नये. एकाच ऑफिसात असाल तर २६ तारखेला तिच्या टेबलापाशी घोळका करून उभं राहावं. तिने डबा उघडला की ‘एवढाच?’ म्हणावं.

केक विकत घेण्याची अगदीच वेळ आली तर २४ तारखेची संध्याकाळ निवडावी. रांग फुटपाथवरून रस्त्यावर आलेली असते. रांगेत उभं असताना काय घ्यायचं ते मुळीच ठरवू नये. काउंटरपाशी पोचलात की घरी व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन काचेवरून गोल फिरवायचा. मग पोऱ्याला विचारायचं, यात अंडं आहे का? आहे. बिनअंड्याचा आहे का? आहे. त्यात दारू नाही ना? नाही. मग त्याला प्लम केकची चव कशी येणार? इथे पोऱ्या गप्प होतो. तुम्ही होऊ नका. चवीला तुकडा मागा, तो मुलाला द्या, मुलाने थुंकला की सहा पाव बांधून घ्या आणि पाचशेची नोट काढा. तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीत पोर्क आहे, ती पहाटेपासून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरतेय, तिला घरी जाऊन ते शिजवून चर्चमधल्या रात्रीच्या उपासनेला, म्हणजे मिस्साला, वेळेवर पोचायचंय. तिच्याकडे बघू नका. ती बाई मीच असण्याची शक्यता आहे.

केकमधली चेरी इंपोर्टेड आहे का, हेही विचारून घ्या. पाकातली ती लालभडक चेरी बहुतेक वेळा आपलं करवंद असतं आणि टुटीफ्रुटी म्हणजे रंगवलेली कच्ची पपई. हे कळल्यावर नाक मुरडावं. मे महिन्यात जाळीवरून करवंदं ओरपत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला केकात करवंद निघाल्याचा धक्का बसायलाच हवा.

टर्की कुठाय, असं जेवायच्या आधी एकदा जरूर विचारा.

रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. दिवाळीला कंपनीतून मिळालेला सुकामेव्याचा डबा न्यावा. ‘शुभ दीपावली’चं स्टिकर काढायची गरज नाही, नाहीतरी ते निघत नाही.

गोठ्यातला बाळ येशू उचलून सेल्फी काढावी आणि परत ठेवताना मेंढरांमध्ये ठेवावा.

जेवताना गप्पांना विषय हवा. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य वसईत कधी वाया जात नाही. समोरची बाई मराठी शाळेत शिकलीय, रात्री मराठीतून मिस्सा ऐकून आणि मराठीतच गाणी म्हणून आलीय, तरी म्हणावं. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ कुठल्या भाषेत लिहिलं, किंवा २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच, असलं काही तिने सांगायला घेतलंच तर तोंडात मोठा घास भरून मान डोलवावी. पुढचा प्रश्न ‘म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?’ चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांना वसईतून घालवलं. पोर्तुगीज गेले. आम्ही इथेच होतो, केळीला पाणी घालत. लोक मात्र अजून लिस्बनची बोट कधी लागली ते विचारतात.

हे जेवण कसं तयार होतं याचा विचार करून तोंडाची चव घालवू नये. बॉटल मसाल्याच्या मिरच्या मे महिन्यात गच्चीवर वाळतात, वीसेक जिन्नस एकेक करून भाजले जातात, कांडले जातात आणि बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरले जातात, म्हणजे नाताळची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. केकचे मनुके पाऊस सरता सरता रममध्ये भिजत पडतात. डिसेंबर लागला की करंज्या, कलकल, चकल्या, बेसनाचे लाडू. हो, लाडू. वसईचा नाताळचा फराळ बघून ‘अय्या, हे तर आमचं दिवाळीचंच!’ असं ओरडण्याचा रिवाज आहे, तोही पाळावा. पूर्वी घराघरांत ओव्हन नव्हते तेव्हा बायका केकचे ट्रे डोक्यावर घेऊन पावाच्या भट्टीवर जायच्या आणि आपला ट्रे दुसरीने नेऊ नये म्हणून तिथेच बसून राहायच्या. आता ओव्हन आहे, पण बसून राहणं सुटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. २३ तारखेच्या रात्री जावा-नणंदा मिळून करंज्या भरायला बसतात, कुणाची करंजी फुटते, कुणाच्या सासूचा विषय निघतो आणि हसता हसता सारण सांडतं, ती रात्र मला वर्षातल्या कुठल्याही रात्रीपेक्षा प्यारी आहे. आणि फुगे! रात्रभर आंबवलेल्या पिठाचा गोळा मुठीतून पिळून तेलात सोडला की तो आपोआप कूस बदलतो. तळणारीने दर पाचातला एक गरम गरम तोंडात टाकायचा असतो. त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. तुम्ही काय खाता, ते यजमानांना शेवटपर्यंत कळू देऊ नका.

आठवडाभर आधी तिचा फोन येईल. ‘नॉनव्हेज चालेल ना?’ ‘चालेल काय, धावेल!’ असं म्हणावं. ती घाबरत घाबरत ‘पोर्क?’ विचारेल. ‘वहिनी, खास तुमच्या हातचं खायलाच तर येतोय!’ ती आणखी खोदून विचारेल, ‘कुणाचे वार वगैरे?’ त्यावर मोठ्याने हसायचं. ‘छे हो, आमच्याकडे कसले वार!’

हा सगळा संवाद माझ्या फोनवर झालाय. नवऱ्याच्या ऑफिसातले भाऊजी, त्यांची बायको, दोन मुलं. २०२५चा नाताळ गुरुवारी आला होता हे मला माहीत होतं. मार्गशीर्षातले गुरुवार १८ तारखेलाच आटोपले होते, शिवाय तोंडी खात्री झाली होती, म्हणून मी निर्धास्त. इंद्याल, म्हणजे व्हिनेगरातलं पोर्क, आदल्या दिवशी शिजवलेला; सोरपोतेल, तेही पोर्कचंच, त्याच्याही आदल्या दिवशी. मिस्साहून आल्यावर उशिरा पाठ टेकली आणि उजाडायच्या आत पीठ चढलंय का बघायला उठले. साडेबाराला बेल वाजली. चारच्या जागी सहा. बायकोचा भाऊ आणि भावजय ‘सहज’ आले होते. येऊ देत, सणाला माणूस वाढला की बरंच असतं. ताटं मांडली. झाकणं काढली. वाफ वर आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

‘वहिनी, आज गुरुवार ना.’

मी विचारलं, सगळ्यांचाच? तर भाऊजींचा स्वामींचा, बायकोचा साईबाबांचा, भावाचा दत्ताचा. भावजय काहीच पाळत नव्हती, पण नणंदेसमोर ती एकटी कशी खाणार? ‘आमचं काय एवढं, आम्ही केक घेतो ना!’ असं म्हणत बाईंनी सुरी उचलली आणि विचारलं, ‘अंडं नाहीये ना यात?’ बारा अंडी होती त्यात.

मग दुपारी एक वाजता, नाताळच्या दिवशी, चार पदार्थ टेबलावर निवत असताना मी कुकर लावला. वरण, भात, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. बाई दारात उभ्या राहून प्रेमाने चौकशी करत होत्या, ‘कढई वेगळी आहे ना हो ही?’ मुलं तोवर फुगे आणि चिकन हाणत होती. मुलांना कुठे असतो वार! आणि कळस पुढेच आहे. मी भात उपसत होते तेव्हा भाऊजी पाणी प्यायच्या निमित्ताने आत आले, मागे वळून बघितलं आणि कुजबुजले, ‘वहिनी, वाटीत जरा रस्सा द्या. ती बघत नाहीये.’ दिला. उभ्या उभ्या प्यायले. ‘पीस नको’ म्हणाले. स्वामींना रस्सा चालत असावा.

निघताना चप्पल घालता घालता म्हणतात, ‘ते पोर्क राखून ठेवा हं. रविवारी येतो!’

रविवारी येतो! खानावळ आहे का ही? पाटी लावलीय का दारावर, ‘राखून ठेवण्याची सोय आहे’ म्हणून?

बस झाल्या सूचना. सरळच बोलते.

गुरुवार पाळता, पाळा. मंगळवार पाळा, संकष्टी पाळा, मला त्यात काही वावगं वाटत नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडेही उपवासकाळ असतो, माझी आई त्या काळात मांसाला शिवत नाही, शुक्रवार तर ती वर्षभर पाळते. पण कुणाकडे बोलावलं की ती आधी सांगते. एका वाक्यात सांगते. तेवढं एक वाक्य तुमच्याकडून का निघत नाही? भिडेपोटी? कसली भीड? सगळं खातो असं सांगताना पुढारलेलं दिसायचं असतं आणि ताटावर बसल्यावर सोवळं आठवतं, ह्याला भीड म्हणत नाहीत. शाकाहारी असाल तर शाकाहारी म्हणा की! वसई आहे ही, भाजीच्या वाड्यांत जन्म गेलाय आमचा. तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात सकाळीच करून ठेवीन आणि गरम वाढीन. पण तुम्ही काय खाता ते मला ताटं वाढल्यावर कळणार असेल, तर नाताळच्या दिवशी तुम्हाला जेवायला बोलावून मी माझ्याच घरात परीक्षेला बसते, आणि दरवर्षी पेपर तुमचा.

आणि बायांनो, तुम्हालाही सांगते. मी कुकर लावत होते तेव्हा त्या घरात चार धडधाकट मोठी माणसं सोफ्यावर बसून झाडाचे दिवे मोजत होती. माझा नवरा धरून पाच. एकाने उठून बटाटे सोलले नाहीत. दिवाळीत तुमच्याकडे हेच होतं, गणपतीत हेच होतं, तुम्हाला ते पक्कं माहीत आहे, तरी दुसरीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कढईची जात विचारता?

केकचंही सांगून टाकते. ऑफिसातल्या बत्तीस जणांना केक देण्याचा कायदा कुठेही झालेला नाही. ज्यांना मी देते त्यांना मनापासून देते. ज्यांच्या घरून दिवाळीला मला एक चकली आली नाही त्यांनी २० तारखेला मेसेज करू नये. उत्तर येणार नाही.

आणि तो इंद्याल वाया गेला असं समजू नका. व्हिनेगरातलं मांस तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. रविवारपर्यंत ठेवला असता तर आणखी मुरला असता. आम्ही शनिवारी रात्रीच संपवला. मुद्दाम. भांडं पावाने पुसून घेतलं. रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होते. नवऱ्याने उचलला, त्यालाच काय ते सांगू दिलं.

यंदा २५ डिसेंबरला शुक्रवार आहे. आमची शुक्रवारची मांसबंदी त्या दिवशी उठते, कारण सण मोठा. तुमच्यात कुणाचा संतोषीमातेचा शुक्रवार असेल आणि आंबट वर्ज्य असेल, तर इंद्यालात व्हिनेगर असतं हे आत्ताच सांगून ठेवते. काय चालतं, काय नाही आणि किती माणसं, हे २० तारखेच्या आत कळवा. न कळवता आलात तर या, बसा, केक खा. त्यात अंडं असेल. कुकर मी लावणार नाही.