कोष कापला म्हणून फुलपाखरू पांगळं झालं? चित्रगोष्टीतल्या चुका, एकेक करून

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. एका माणसाला फुलपाखराचा कोष दिसतो. त्याला बारीक भोक पडलेलं असतं आणि आतलं फुलपाखरू तासन्‌तास बाहेर पडायला धडपडत असतं. माणसाला दया येते, तो कात्रीने भोक मोठं करतो. फुलपाखरू सहज बाहेर येतं, पण पोट सुजलेलं आणि पंख आक्रसलेले. ते जन्मभर सरपटत राहतं. मग खुलासा येतो: चिंचोळ्या भोकातून अंग रेटताना पोटातला द्रव पंखांत ढकलला जातो. इथे ती धडपड टळली, म्हणून पंख कायमचे गेले.

पूर्वी हे सुविचारासारखं फिरायचं. आता ते लहान मुलांसाठी ‘फुलपाखराचं जीवनचक्र’ म्हणून चित्रांसकट फिरतं, आणि वर एक जोडही असते: ‘अळी कोषात पूर्ण विरघळते आणि तिथून नवाच जीव जन्मतो.’ मेहनतीचं मोल सांगायला ना नाही, त्यासाठी कोल्ह्याला द्राक्षं खायला लावली तरी चालतं. पण वर ‘जीवनचक्र’ असं लिहिलं की मूल ते विज्ञान म्हणून वाचतं. मग प्रत्येक चित्र तपासायलाच हवं.

‘कोषाला बारीक भोक पडलं होतं’

चित्रात फांदीला लोंबणारा, धाग्यांनी गुंडाळलेला भुरकट गोळा असतो. तो फुलपाखराचा नाही, पतंगाचा आहे. मराठीत यासाठी ‘कोसला’ असा नेमका शब्द आहे: अळीने स्वतःभोवती विणलेलं रेशमी घर. पतंगाची कोषावस्था या कोसल्याच्या आत असते. फुलपाखराच्या बाबतीत बहुधा कोसला नसतोच, कोष उघडाच असतो. काहींचा शेपटीच्या आकड्यांनी रेशमाच्या छोट्या गादीला उलटा लटकलेला असतो. लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखरांसारख्या काहींचा कंबरेभोवतीच्या रेशमी दोरीने फांदीला टेकलेला असतो. अपवाद आहेत. अपोलो गटातली फुलपाखरं विरळ जाळं विणतात, स्किपर गटातल्या अनेक अळ्या पानाची सुरळी रेशमाने शिवून आत बसतात. पण चित्रातल्यासारखा घट्ट गोळा त्यांचाही नसतो. आपण दोन्ही गोष्टींना सरसकट ‘कोष’ म्हणतो, तिथूनच हा घोळ सुरू होतो. ‘सुरवंट’ या शब्दाचंही तसंच झालं आहे. सुरवंट म्हणजे केसाळ अळी, आणि केसाळ अळ्यांतून बहुतेकदा पतंग निघतात. म्हणून फुलपाखरावरच्या पुस्तकात ‘अळी’ हाच शब्द बरा.

त्यातही ‘बारीक भोक’ भलतंच आहे. फुलपाखराच्या उघड्या कोषावर गोल, नीटस, सुईच्या जाडीचं भोक दिसलं, तर बहुधा त्यातून फुलपाखरू कधीच येणार नसतं. परजीवी गांधीलमाश्यांची एक मोठी जमात आपली अंडी अळीत किंवा कोषात घालते. पिल्लं आतला जीव खाऊन वाढतात आणि मग असं भोक पाडून उडून जातात. गोष्टीतला माणूस खरोखरच भोक असलेल्या कोषासमोर बसला असता, तर त्याला कात्री लावायला आत काही उरलंच नसतं.

‘तासन्‌तास धडपड’

फुलपाखराचं बाहेर येणं मिनिटांचं काम आहे. आदल्या दिवशी कोषाचं कवच पारदर्शक होतं आणि पंखांचे रंग, नक्षी बाहेरून दिसू लागते. (कोष नुसताच काळा पडला, नक्षी दिसत नाही आणि हाताला मऊ लागतो, तर तो सडला आहे. पाळणाऱ्यांची इथे नेहमी गफलत होते.) बाहेर पडायची वेळ अनेक जातींत सकाळची. आतलं फुलपाखरू हवा गिळून अंग फुगवतं, आणि कवच ठरलेल्या कमकुवत रेषांवर उकलतं: डोक्यामागे, छातीवर, सोंड आणि पायांच्या साच्यांच्या कडेने. समोरचा भाग झडपेसारखा उघडतो. पाय बाहेर आले की ते कवचालाच धरून उरलेलं अंग ओढून घेतं. हे सगळं एक-दोन मिनिटांत, कधी त्याहून थोडं जास्त. चिंचोळ्या भोकातून स्वतःला पिळून काढण्याचा प्रसंग यात कुठेच येत नाही.

पतंगांना मात्र कोसला पार करावा लागतो आणि त्याला वेळ लागू शकतो. गोष्टीचं मूळ तिथे असावं. पण तिथेही नुसता जोर चालत नाही, प्रत्येकाची युक्ती ठरलेली असते. रेशीमकिड्याचा पतंग तोंडातून कोकूनेज नावाचं विकर सोडतो, ते धाग्यांना चिकटवून ठेवणारा सेरिसिन हा डिंक सैल करतं, आणि पतंग मोकळे झालेले धागे बाजूला सारून निघतो. लूना पतंगाच्या पंखांच्या मुळाशी कोसला फाडायला टणक काटे असतात. युरोपातल्या एम्परर पतंगाचा कोसला सुरईसारखा असतो. त्याच्या तोंडाशी ताठ धागे बाहेरच्या दिशेने जुळलेले असतात: आतून ढकललं की उघडतात, बाहेरून शत्रू आला तर मिटलेलेच राहतात.

‘भोकातून पिळल्याने द्रव पंखांत जातो’

हा सगळ्या गोष्टीचा कणा आहे, आणि तो नुसता विचार करूनही मोडतो. समजा, भोकात अडकलेलं असतानाच पंखांत द्रव भरला आणि ते पसरू लागले. मग ते त्या भोकातून बाहेर कसे येणार? पंख बाहेर येताना लहान, दमट आणि घडी घातलेले असायलाच हवेत.

द्रव पंखांत जातो हे मात्र खरं, पण बाहेर आल्यावर. फुलपाखरू कवचाला किंवा जवळच्या काडीला धरून पंख खाली सोडून लटकतं. पोटाचे स्नायू आवळून ते रक्तद्रव पंखांच्या शिरांत ढकलतं. गिळलेल्या हवेने आतला दाब वाढलेला असतो, आणि लटकल्यामुळे पंख सरळ उतरतात. साधारण 10 ते 20 मिनिटांत पंख पूर्ण आकाराचे होतात. मग बराचसा द्रव अंगात परततो, पंखांचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि कडक होऊ लागतात. उडण्याजोगे व्हायला एक ते तीन तास जातात. आधी पंख ताणले जातील इतके मऊ करायचे आणि मग कडक करायचे, हे काम बर्सिकॉन या संप्रेरकाच्या हुकमाने चालतं, आणि ते सुटतं बाहेर आल्यानंतर.

आता खरी मेख. तंबाखूच्या पानांवर वाढणाऱ्या हॉकमॉथचा कोष जमिनीखाली असतो, त्यामुळे पतंगाला माती उकरत वर यावं लागतं. त्याच्यावरच्या प्रयोगांत दिसलं की अंग दबलेलं किंवा अडकलेलं असेपर्यंत पंख पसरण्याची क्रिया थांबून राहते. मोकळी जागा आणि धरायला आधार मिळाला की ती सुरू होते. म्हणजे अडकणं पंख फुगवत नाही, उलट रोखून धरतं. गोष्टीतलं कारण नेमकं उलट्या बाजूला बसवलं आहे.

जाता जाता: पंख पसरल्यावर फुलपाखरू मागून लालसर किंवा तपकिरी द्रव टाकतं. तो पंखांतून उरलेला द्रव नव्हे, कोषावस्थेत साठलेला मळ. 1608 मध्ये फ्रान्समधल्या एक्स शहराच्या परिसरात लोक ‘रक्ताचा पाऊस पडला’ म्हणून घाबरले होते, तेव्हा पेरेस्क या विद्वानाने हे फुलपाखरांचे थेंब असल्याचं दाखवून दिलं.

‘पोट सुजलेलं, पंख आक्रसलेले’

हे वाक्य नीट वाचा. हे कुठल्याही निरोगी फुलपाखराच्या पहिल्या पाच मिनिटांचं वर्णन आहे! कोषातून आलेलं प्रत्येक फुलपाखरू असंच दिसतं: फुगीर, जड पोट आणि चुरगळलेल्या कागदासारखे, नखाएवढे पंख. गोष्ट रचणाऱ्याने पाहिलेलं असेल, तर सुदृढ फुलपाखरू पाहिलं आणि अर्ध्या तासाआधी उठून गेला. चित्रगोष्ट वाचलेलं मूल उद्या खरा कोष उकलताना पाहील, तेव्हा पहिल्या मिनिटालाच त्याला वाटेल की हे पांगळं झालं. घाबरून पंख सरळ करायला बोट लावलं, तर मात्र ते खरंच पांगळं होईल.

मग पंख खरोखर कशाने बिघडतात?

मुख्य कारण अगदी साधं आहे: लटकायला जागा मिळत नाही. गुळगुळीत काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी असली की पाय घसरतात, फुलपाखरू तळाशी पडतं आणि पंख दुमडलेल्या स्थितीतच वाळतात. जागा कमी असली तर पंखांची टोकं तळाला टेकून वाकतात. त्यामुळे कोषाखाली आणि बाजूंना पूर्ण पंखाच्या लांबीच्या निदान दुप्पट मोकळी जागा ठेवावी आणि आतून जाळी किंवा खरखरीत कापड लावावं. हवा फार कोरडी असेल तर कवच आतल्या अंगाला चिकटून बसतं. डब्याच्या भिंतींवर दिवसातून एकदा पाण्याचा हलका फवारा पुरतो, मात्र कोषावर थेंब साचता कामा नयेत. अळीला शेवटच्या टप्प्यात खाणं कमी पडलं, पानांवर कीटकनाशक होतं, किंवा कोष बनताना कोणी हलवला, तरीही पंख अधू होतात. मोनार्क आणि त्याच्या जवळच्या नातलग फुलपाखरांत एका एकपेशीय परजीवीमुळेही असं होतं. त्याचे बीजाणू मादीच्या अंगावरून अंड्यांवर आणि पानांवर पडतात, आणि अळी ते खाते. म्हणून एकाच डब्यात पिढ्यान्‌पिढ्या न धुता अळ्या वाढवू नयेत.

कोष खाली पडला तर उपाय अवघड नाही. शेपटीशी रेशमाची गादी शिल्लक असेल तर तिच्यात दोरा ओवून तो टांगावा. नसेल तर मऊ कागदावर आडवा ठेवून अगदी लगत खरखरीत कापड उभं लावावं, म्हणजे बाहेर आल्या आल्या फुलपाखराला चढता येईल. नुकतं आलेलं फुलपाखरू पडलं तर त्याच्या पायांपुढे काडी धरायची, ते स्वतः चढतं. हे पहिल्या काही मिनिटांतच करायला हवं. पंख वाळले की मग काही करता येत नाही.

आणि कात्री?

कोष कापू नये, हे बरोबरच आहे. फक्त कारण वेगळं. फुलपाखराच्या कोषाचं कवच म्हणजे बाहेरचा डबा नव्हे, ते त्याच्या अंगावरचंच आवरण आहे. वेळेआधी कापलं तर आतली नवी त्वचा कच्ची असते, दोन आवरणांमधला द्रव अजून शोषला गेलेला नसतो. जीव वाळतो किंवा रक्तद्रव वाहून मरतो. धडपड चुकली म्हणून नव्हे, दिवस भरले नव्हते म्हणून.

पतंगाच्या कोसल्याचं उत्तर मात्र गोष्टीच्या थेट विरुद्ध जातं. रेशीम उद्योगाच्या बीजकेंद्रांत (जिथे पतंगांची अंडी तयार केली जातात) नर-मादी वेगळे करण्यासाठी कोसले कापून आतले कोष बाहेर काढणं ही रूढ पद्धत आहे. त्या उघड्या कोषांतून पतंग येतात आणि पंख पसरतात. रेशीमकिड्याचा पतंग तसाही उडत नाही, हजारो वर्षांच्या पाळीव जगण्याने ती ताकद गेली आहे. पण जंगली मोठे पतंग पाळणारेही कोसल्यातून कोष काढून ठेवतात, आणि चढायला आधार दिला की ते नीट उडून जातात. ‘धडपडीशिवाय पंख नाहीत’ हा नियम खरा असता, तर एकही उडाला नसता.

‘अळी पूर्ण विरघळते’

बरंच काही मोडतं, विशेषतः स्नायू आणि आतड्याचा भाग. पण ‘पूर्ण’ आणि ‘नवाच जीव’ हे दोन्ही खोटं. पंख, डोळे, मिशा यांचे पेशीपुंज अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. 17व्या शतकात यान स्वामरडॅम या डच अभ्यासकाने कोषावर आलेल्या अळीची कातडी सोलून आतले पंखांचे भाग दाखवले होते. 2013 मध्ये पेंटेड लेडी या फुलपाखराच्या जिवंत कोषांचं क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रण झालं, त्यात श्वासनलिकांचं जाळं आणि अन्नमार्ग कोषावस्थेतही ओळखू येत होते. 2008 मध्ये त्याच तंबाखूवरच्या हॉकमॉथच्या अळ्यांना एक वास विजेच्या झटक्यासोबत दिला गेला. शेवटच्या टप्प्यात हे शिकलेल्या अळ्यांचे पतंगही तो वास टाळत होते. सगळं विरघळलं असतं, तर आठवण कुठे राहिली?

चित्रं बदलायची तर

अळी ‘कोषात शिरते’ हे चित्र आधी काढून टाका. ती लटकते, शेवटची कात टाकते आणि कातेखालून कोषच बाहेर येतो, ओला आणि मऊ. त्या वळवळीत जुनी कात झटकताना शेपटीचे आकडे रेशमाच्या गादीत रोवायचे असतात. चुकलं की खाली. पुस्तकात थरार हवा असेल तर तो इथे आहे. दुसरा थरार शेवटी: कोषातून आलेल्या फुलपाखराची सोंड दोन वेगळ्या पन्हळींची असते. ती पुन्हापुन्हा गुंडाळून-उलगडून त्या एकमेकींत अडकवाव्या लागतात. जुळल्या नाहीत तर मध पिता येत नाही.

बाहेर येण्याला एक चित्र पुरत नाही, चार लागतात: नक्षी दिसणारा पारदर्शक कोष, उघडलेली झडप आणि पाय, मोठं पोट आणि चुरगळलेले पंख घेऊन लटकलेलं फुलपाखरू, आणि पसरलेले पंख वाळवत स्थिर बसलेलं तेच फुलपाखरू. तिसऱ्या चित्राखाली एवढंच लिहा: ‘हे असंच दिसतं. हात लावू नका, वीस मिनिटं थांबा.’