स्टुडिओच्या पोस्टकार्डांना रद्दी ठरवण्यापूर्वी

जुन्या फोटो-स्टुडिओंचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : स्टुडिओंची जुनी पोस्टकार्डे इतिहासाच्या कामाची नाहीत, कार्ड उघडे असल्यामुळे त्यावर धंद्याचे कोणी लिहीत नसे, खरा व्यवहार स्टुडिओच्या वह्यांतच सापडतो, आणि कार्डाचा उपयोग झालाच तर तो चित्रापुरता, कारण चित्राखालचे नाव छायाचित्रकाराचे असते आणि शिक्क्यावरची तारीख छायाचित्राची. यातले एकही विधान तपासणीला पूर्णपणे टिकत नाही, आणि शेवटच्या दोन विधानांमुळे तर संग्रहांत चुकीच्या नोंदी होतात.

प्रथम उघडेपणाचा आक्षेप. भारतात टपाल खात्याने १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे कार्ड आणले, तेव्हा साध्या पत्राला अर्धा आणा पडत असे. निम्म्या खर्चात काम होत असताना व्यापारी माणूस पाकीट कशाला वापरील, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. शिवाय स्टुडिओच्या पत्रव्यवहारात गुपित असे फारसे नव्हतेच. प्रती तयार झाल्या, काचेची प्लेट (निगेटिव्ह) बिघडली म्हणून फोटोसाठी पुन्हा बसावे लागेल, एन्लार्जमेंटसाठी धाडलेला मूळ फोटो पोहोचला, रंगकामासाठी पगडीचा किंवा लुगड्याच्या काठाचा रंग कळवावा, अशा स्वरूपाचा हा व्यवहार होता आणि तो पोस्टमनने वाचला म्हणून कोणाचे काही बिघडत नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, टपालातून फोटोचा धंदा ज्या दोन सोयींवर उभा राहिला त्या दोन्ही याच काळातल्या आहेत. व्ही.पी.ची, म्हणजे पार्सल हाती देताना पोस्टमनने त्याची किंमत वसूल करण्याची, पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनीऑर्डरचे काम टपाल खात्याने १८८० मध्ये हाती घेतले. त्यामुळे शहरातल्या स्टुडिओला तालुक्याच्या गावी राहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे प्रती पाठवून पोस्टमनमार्फत पैसे वसूल करता येऊ लागले. मात्र गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवून घेतली नाही तर पार्सल परत येई, टपालखर्च स्टुडिओच्या अंगावर पडे आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या प्रती तिसऱ्या कोणाला विकताही येत नसत. म्हणून पार्सल सोडण्याआधी कार्ड टाकून होकार मागवणे यातच शहाणपण होते. उत्तराचा खर्च गिऱ्हाइकावर पडू नये म्हणून जोडकार्डही, म्हणजे उत्तराचे कोरे कार्ड जोडलेले कार्डही होते. अशी कार्डे म्हणजे धंद्याच्या कडेला पडलेली कुशलवार्ता नव्हे. त्या धंद्याचे दळणवळणच त्यांवर चालत होते.

‘खरा व्यवहार वह्यांत’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. वही हाती असेल तर दर, प्रतींची संख्या आणि जमाखर्च एका ठिकाणी मिळतो. तेवढे कोणतेही सुटे कार्ड देणार नाही. पण वही एकाच जागी असते आणि तिथे आग लागली की सगळेच जाते. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या नामांकित स्टुडिओचा बराचसा संग्रह १९९१च्या आगीत नष्ट झाला आणि २०१६ मध्ये स्टुडिओही बंद झाला. याउलट स्टुडिओने पाठवलेली कार्डे गिऱ्हाइकांच्या घरोघरी विखुरलेली असतात, तर गिऱ्हाइकांनी लिहिलेली कार्डे दुकानातल्या तारेला टोचून ठेवलेली असत. कार्ड कोणत्या घरातून किंवा कोणत्या गठ्ठ्यातून आले याची नोंद म्हणूनच ठेवावी लागते, कारण त्यावरून संवादाची कोणती बाजू आपल्या हाती आहे ते कळते. (तारेचे भोक मात्र एकटे पुरावा मानू नये, घरोघरीही पत्रे तारेलाच लावत.) आणि वहीत बहुधा ठरलेला व्यवहार येतो, घासाघीस, उशिराबद्दलची तक्रार, नाकारलेली प्रत या गोष्टी वाचायच्या तर कार्डांकडेच यावे लागते.

आता चित्राखालच्या नावाकडे येऊ. याच बोर्न अँड शेफर्डमधला छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि १८७० मध्ये कायमचा परत गेला. त्याच्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रती मात्र त्याची कंपनी पुढे कित्येक वर्षे विकत राहिली. छायाचित्रकार राजा दीन दयाळ १९०५ मध्ये वारले, तरी त्यांच्या पेढीने त्यांचे नाव सोडले नाही. चित्रकार्डांच्या बाबतीत तर छापलेले नाव पुष्कळदा केवळ प्रकाशकाचे असते, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी भारतीय प्रकाशकांची अनेक कार्डे जर्मनीतून छापून येत. ते नाव माल कोण विकत होता हे सांगते. धंद्याच्या इतिहासासाठी ही माहिती मोलाची आहे, पण कॅमेऱ्यामागे कोण उभा होता याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

तारखेचेही तसेच. शिक्का टपालात पडल्याचा दिवस दाखवतो. छायाचित्र त्याआधीचे आहे एवढेच त्यावरून ठरते, किती आधीचे ते नाही. जुन्या निगेटिव्हचा नंबर देऊन आणखी प्रती मागवणारे कार्ड असेल, तर त्यातला मजकूरच या समजुतीला खोटे पाडतो. व्यवहाराच्या तारखेसाठी मात्र शिक्के उत्तम साक्षीदार आहेत. रवानगीचा आणि पोहोचल्याचा असे दोन्ही उमटलेले असले तर कार्डाला लागलेले दिवस मोजता येतात, आणि लेखकाने घातलेल्या तिथीशी त्यांचा मेळ घालता येतो. शिक्का पुसट असला तरी दर मदतीला येतो : १९२२ मध्ये कार्डाचा दर पाव आण्यावरून अर्धा आणा झाला, त्यामुळे पाव आण्याच्या कार्डावर जादा पाव आण्याचे तिकीट चिकटवलेले दिसले तर ते त्या वाढीनंतरचे समजायला हरकत नाही.

‘कामाचे काही लिहिलेले नसते’ या समजुतीमागे एक साधे कारणही असावे. महाराष्ट्रातली अशी कितीतरी कार्डे मोडीत आहेत आणि आज मोडी वाचणारे थोडे आहेत. मग विक्रेता ‘अवाचनीय मजकूर’ अशी चिठ्ठी लावून मोकळा होतो, किंवा छापील तिकिटाचा चौकोन कापून उरलेले कार्ड टाकून देतो. पाव आण्याच्या कार्डावर पत्त्याच्या बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी इंग्रजी सूचना छापलेली असे. त्यामुळे गाव, शिक्के आणि जादा तिकीट एका अंगाला, तर मागणी, नंबर आणि रक्कम दुसऱ्या अंगाला राहिली. स्कॅन करताना यातली एक बाजू सुटली, की उरलेल्या बाजूवरून व्यवहार कोणाचा, कुठला आणि केव्हाचा हे जुळवता येत नाही.