दोन तारे देणाऱ्या ग्राहकांना उत्तर: अडीच इंची ड्राइव्ह, १५ मिमी जाडी आणि आमचं कोटेशन

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: तुम्ही ५ टीबीचे अडीच इंची ड्राइव्ह मागितलेत, आम्ही २ टीबीचे महाग सर्व्हर ड्राइव्ह गळ्यात मारायला बघितले. १५ मिमीचा ड्राइव्ह तुमच्या मशीनमध्ये बसत नाही ही आमची थाप, कारण मित्राच्या सर्व्हरमध्ये तो बसलाय. तुम्ही आणलेले जुने एसएएस (मोठ्या सर्व्हरच्या जोडणीचे) ड्राइव्ह आम्ही लावून दिले नाहीत आणि टेस्टिंगचे पैसे वेगळे लावले. शेवटी तुम्ही ड्राइव्ह अडकवायची चौकट, म्हणजे केज, काढून टाकली, ऑनलाइन घेतलेले ५ टीबीचे चार ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये पट्टीवर बसवून रेड ५ (सगळ्यांचा मिळून एक साठा, एक ड्राइव्ह मेला तरी डेटा वाचतो) केलंत आणि ते मस्त चालतायत.

जाडीपासून सुरू करतो, कारण ‘थाप’ हा शब्द तिथे वापरलाय. अडीच इंची ड्राइव्हची लांबी-रुंदी ठरलेली असते, साधारण १०० बाय ७० मिमी. जाडी ठरलेली नसते. लॅपटॉपचे ड्राइव्ह ७ किंवा ९.५ मिमीचे, रॅक सर्व्हरचे १५ मिमीचे. मित्राचा सर्व्हर रॅकमधला आहे, त्याची ट्रे १५ मिमीसाठीच बनवलेली असते. तुमच्या कॅबिनेटमध्ये सवापाच इंची खणात सहा ड्राइव्हची केज होती. तो खण जेमतेम ४१ मिमी उंच. त्यात तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन ड्राइव्ह, शिवाय ट्रे आणि पत्रा. म्हणजे एका ड्राइव्हच्या वाट्याला ९.५ मिमीच येतात. चार ड्राइव्हच्या केजमध्ये दोनच मजले असल्याने १५ मिमी बसू शकतो, म्हणून आमच्या कोटेशनची पहिलीच ओळ केज बदलण्याची होती. आम्ही सुचवलेले ड्राइव्हही १५ मिमीचेच होते. तुम्हाला केज काढावी लागली ती याच कारणाने.

आता मुख्य मुद्दा. प्रति टीबी भाव बघितला तर आमचं कोटेशन महाग होतं, यात वाद नाही. पण अडीच इंचीत ५ टीबी मावतात कसे, हे बघितलं पाहिजे. तेवढ्याशा जागेत इतकी क्षमता बसवण्यासाठी तिथे एसएमआर पद्धत वापरतात: छपरावरच्या कौलांसारखे ट्रॅक (डेटा लिहायच्या रांगा) एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचताना काही अडचण नाही. लिहिताना मात्र मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्यावर चढलेले पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. हा वेळ झाकण्यासाठी ड्राइव्ह आधी सगळं एका वेगळ्या राखीव पट्ट्यात लिहून घेतो आणि रिकामा वेळ मिळाला की मूळ जागी हलवतो. त्यामुळे पहिले काही जीबी झपाट्याने कॉपी होतात आणि ड्राइव्ह उत्तम वाटतो. राखीव पट्टा भरला की वेग सेकंदाला १०० एमबीवरून २०-३० एमबीवर येतो, कधी त्याच्याही खाली.

रोजच्या कामात हे जाणवणारही नाही. आठ जणांच्या ऑफिसात टॅलीचा बॅकअप आणि स्कॅन केलेल्या फाइल्स एवढंच लिहिलं जातं, म्हणून आज ते मस्त चालतायत हे मला पूर्ण पटतं. कसोटी लागते एक ड्राइव्ह मेल्यावर. नवा ड्राइव्ह लावला की रेड ५ त्याच्यावर सलग ५ टीबी लिहायला घेतं. सरासरी १०० एमबीचा वेग टिकला तर १४ तास. लिनक्सचं साधं सॉफ्टवेअर रेड सरळ क्रमाने लिहितं, त्यामुळे रविवारी ऑफिस बंद ठेवलंत तर एसएमआर ड्राइव्हही कदाचित निभावून नेईल. पण ऑफिस चालू असेल, मध्येमध्ये इकडेतिकडे लेखन होत असेल आणि वेग २५ एमबीवर घसरला, तर तेच काम ५५ तासांवर जातं. झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर आणखी अवघड. एनएएससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या काही ड्राइव्हमध्ये एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघडकीला आलं, तेव्हा गदारोळ झाला तो याच रिबिल्डच्या, म्हणजे नव्या ड्राइव्हवर डेटा पुन्हा उभा करण्याच्या, प्रश्नावरून. या सगळ्या वेळात उरलेल्या तीन ड्राइव्हमधला एकही अडखळून चालत नाही. डेटाशीटवर साधारण साडेबारा टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) इतकी चूक गृहीत धरलेली असते, आणि तुमच्या रिबिल्डला तीन ड्राइव्ह मिळून १५ टीबी वाचायचे आहेत. प्रत्यक्षात बरेच ड्राइव्ह त्या आकड्यापेक्षा चांगले वागतात, पण ऑफिसच्या हिशेबांचा एकमेव साठा त्या भरवशावर ठेवायला आम्ही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. खराब सेक्टर लागला की लॅपटॉप वर्गातला ड्राइव्ह तो वाचण्याचा हट्ट मिनिट-दोन मिनिटं सोडत नाही, कारण लॅपटॉपमध्ये डेटाची दुसरी प्रत नसते. लिनक्स मात्र ३० सेकंदच वाट बघतो, मग ड्राइव्ह रीसेट करतो आणि अशात धडधाकट ड्राइव्ह रेडमधून बाहेर फेकला जाऊ शकतो. सर्व्हर ड्राइव्हमध्ये ही मर्यादा ७ सेकंदांसारखी ठरवता येते: त्याने पटकन ‘वाचता येत नाही’ म्हणायचं, रेडने दुसऱ्या ड्राइव्हवरून डेटा भरून काढायचा. स्मार्टसीटीएल या आज्ञेने एससीटी-ईआरसी, म्हणजे हीच मर्यादा, तपासा. ‘सपोर्ट नाही’ असं उत्तर आलं, तर प्रत्येक ड्राइव्हसाठी लिनक्सचा टाइमआउट ३० वरून १८० सेकंद करा. तो रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये टाका. हे आजच करा, फुकट आहे.

तिसरी, हेडचं (ड्राइव्हच्या वाचायच्या-लिहायच्या टोकाचं) पार्किंग. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपचे ड्राइव्ह काही सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवतात. सर्व्हरवर दर थोड्या वेळाने काहीतरी लॉग लिहिला जातो, की हेड परत आत. दर ३० सेकंदांनी एकदा धरलं तरी दिवसाला २,८८० फेऱ्या होतात आणि ६ लाख फेऱ्यांची मर्यादा सात महिन्यांत संपते. स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो त्यातला) या फेऱ्यांचा १९३ क्रमांकाचा आकडा आज लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा. झपाट्याने वाढत असेल तर एचडीपार्म या आज्ञेने पॉवर मॅनेजमेंट २५४ वर न्या. काही ड्राइव्ह ते मानत नाहीत.

कोटेशनमधला सीगेट एक्सॉस ७ई२००० हा सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेला) आहे, ७,२०० आरपीएमचा, २४ तास चालण्यासाठी बनवलेला. वर्षाचे तास होतात ८,७६०. साध्या डेस्कटॉप वर्गातल्या कित्येक ड्राइव्हच्या डेटाशीटवर वर्षाला २,४०० तास आणि ५५ टीबी लेखन-वाचन एवढंच धरलेलं असतं. तुमचा सगळा डेटा ३ टीबीच्या आत आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. २ टीबीचे चार ड्राइव्ह रेड १० मध्ये (जोडीतल्या दोन्ही ड्राइव्हवर एकच डेटा) लावले की ४ टीबी मिळतात. एक गेला तर फक्त त्याच्या जोडीदारावरून २ टीबी कॉपी करायचे, पाच-सहा तासांचं काम. त्याच कागदावर दुसरा पर्यायही होता: अडीच इंचीचा आग्रह सोडून साडेतीन इंची ८ टीबीचे दोन सीएमआर ड्राइव्ह मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा. तो पहिल्यापेक्षा स्वस्त होता आणि आमचा नफाही त्यात कमी होता. कॅबिनेट कपाटात मावलं पाहिजे म्हणून तो तुम्ही नाकारलात. जागा तुमची, निर्णय तुमचा. पण अडीच इंचीत जागा वाचते ती पैसे किंवा क्षमता सोडूनच.

एसएएस ड्राइव्हचं थोडक्यात. तुमच्या मदरबोर्डवर फक्त साटा ही साध्या ड्राइव्हची जोडणी आहे. एसएएस ड्राइव्हच्या तोंडाची मधली खाच भरलेली असते, म्हणून साटाची केबल त्यात जातच नाही. उलट चालतं: साटा ड्राइव्ह एसएएस बॅकप्लेनवर (ड्राइव्ह खोचायच्या बोर्डवर) चालतो. एसएएस जोडण्यासाठी वेगळं एचबीए कार्ड घेतलं असतं तरी तुम्ही आणलेले ड्राइव्ह मोठ्या स्टोरेज यंत्रणेतून काढलेले, ५२० बाइटच्या सेक्टरचे होते. ते ५१२ वर फॉरमॅट केल्याशिवाय लिनक्स वापरू शकत नाही, आणि एकेकाला काही तास लागतात. शिवाय १०,००० आरपीएमची उष्णता कपाटात बंद कॅबिनेटमध्ये. नाही म्हणालो ते यासाठी.

टेस्टिंगचा चार्ज कोटेशनवर वेगळ्या ओळीत होता. त्यात स्मार्टची लाँग टेस्ट, पूर्ण ड्राइव्हभर एकदा लेखन, मग पूर्ण वाचन आणि शेवटी खराब सेक्टरचे ५, १९७, १९८ हे आकडे शून्य आहेत ना याची खात्री, एवढं येतं. हे तुम्ही स्वतः करणार असाल तर ती ओळ आम्ही काढतो.

आता घेतलेले ड्राइव्ह वाया गेले असं समजू नका. रेड ५ मोडा, पण आधी सगळा डेटा बाहेर एका ड्राइव्हवर कॉपी करून उघडून बघा. मग दोन ड्राइव्ह स्वतंत्र फाइलसिस्टिमने डेटासाठी, तिसरा स्नॅपरेड या सॉफ्टवेअरच्या पॅरिटीसाठी (गेलेला डेटा परत काढायच्या हिशेबासाठी). स्नॅपरेड रात्री एकदाच चालतं आणि एक ड्राइव्ह गेला तरी बाकीच्यांवरच्या फाइल्स जशाच्या तशा वाचता येतात. मात्र दिवसभरात बदललेलं रात्रीपर्यंत सुरक्षित नसतं, म्हणून टॅलीचा डेटा त्यावर ठेवू नका. तो बोर्डवरच्या एसएसडीवर असू द्या आणि दर दोन तासांनी कॉपी घ्या. चौथा ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालून ऑफिसबाहेर बॅकअपसाठी ठेवा. एसएमआर ड्राइव्ह या कामाला खरंच चांगला आणि स्वस्त.

पट्टीवर ड्राइव्ह एकमेकांना चिकटवून लावले असतील तर मध्ये १० मिमी फट ठेवा, समोर पंखा द्या आणि तापमान ४५ अंशांच्या खाली राहतंय का बघा. एकाच स्वस्त स्प्लिटरवर चारही ड्राइव्ह नकोत: सुरू होताना प्रत्येक जण ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअर खेचतो, कनेक्टर गरम होतो. स्मार्टमधला १९९, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा, वाढताना दिसला तर ड्राइव्ह बदलू नका, आधी केबल बदला.