लक्षद्वीपच्या निवडणुकीवर अधिकारवाणीने कसे बोलावे?

परवा सोसायटीच्या कट्ट्यावर एका गृहस्थांनी निकालच देऊन टाकला: "लक्षद्वीपला खासदार हवाच कशाला? साठ हजारसुद्धा मतदार नाहीत. केरळला जोडा, विषय संपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्हालाही अशीच छाप पाडायची असेल, तर पुढील पथ्ये पाळावीत.

नकाशा पाहू नये.

"एका मताने काय होतंय?" हे वाक्य आवर्जून टाकावे. 1967 पासून तिथून सलग दहा वेळा निवडून आलेले पी. एम. सईद 2004 मध्ये 71 मतांनी पडले, हे कोणी काढलेच तर चहा मागवावा.

2024 च्या निकालाचे विश्लेषण बारामतीत सुरू करून बारामतीतच संपवावे. काँग्रेसचे हमदुल्ला सईद 2,647 मतांनी जिंकले, हे गौण. शरद पवारांचे मोहम्मद फैजल हरले आणि अजितदादांच्या उमेदवाराला, भाजपचा पाठिंबा असूनही, 201 मते पडली, एवढेच चघळावे.

समुद्राचे फोटो पाहून तत्काळ बॅग भरावी. प्रवेशाचा परवाना लागतो, ते कळेल पुढे.

प्रशासक प्रफुल्ल पटेलांचे नाव निघाले की "गोंदियाचेच ना?" असे विचारावे. नव्हेत. हे प्रफुल्ल खोडा पटेल, गुजरातचे, दिल्लीने नेमलेले. बेटांवर विधानसभा नाही, आमदार नाही, मुख्यमंत्री नाही. 2021 मध्ये याच प्रशासकांच्या कारकिर्दीत नव्या नियमांचे मसुदे आले: विकासाच्या नावाखाली जमीन घेता येईल, दोनांपेक्षा जास्त मुले असतील तर पंचायतीला उभे राहता येणार नाही. लोक आपापल्या घरी उपोषणाला बसले. दुसरे करणार काय? हायकोर्ट समुद्रापलीकडे, कोचीला. संसदेत तोंड उघडायला माणूस एकच. तोही, म्हणजे तेव्हाचे खासदार मोहम्मद फैजल, खटल्यात अडकून 2023 मध्ये दोनदा अपात्र ठरला, म्हणजे तेवढे दिवस बेटांतर्फे बोलणारे कोणीच नाही. आणि तुम्ही म्हणता, तो एक आहे तोही काढा! इथे नगरसेवक, आमदार, खासदार, पालकमंत्री असा सगळा गोतावळा असून आपण टँकर मागवतो, त्याचं काय? तेही जोडून टाकायचे का कुणाला तरी?

अहो, 2024 मध्ये त्या लोकांनी 84 टक्के मतदान केलं. मोठं कॉलेज केरळात, मोठा दवाखाना कोचीला आणि परतायला जहाजाचं तिकीट मिळेल तेव्हा. आपल्या पुण्यात किती झालं? 53 टक्के. केंद्र समोरच्या शाळेत होतं, लिफ्टने खाली उतरायचं होतं फक्त. पण 13 मे सोमवारी आला, जोडून सुट्टी मिळाली आणि शनिवारीच गाड्या महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्या. मतदान करायचं नाही आणि दुसऱ्याचा खासदार जास्त झाला म्हणून कुरकुर करायची. लाज वाटत नाही? त्या सोमवारी तुमच्या बोटाला शाई होती का, ते सांगा आधी.