लाडबोरीची रिंग आणि ‘सगळंच उकलाचं कायले?’

नमस्कार भाऊ,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात २०२२ च्या पाडव्याला आकाशातून धातूची रिंग पडली, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पाडव्याच्या राती आम्ही साऱ्यांनी अंगणातून ती आग जाताना पाह्यली. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. तुम्ही ‘रॉकेटचा तुकडा’ म्हणून मोकळे झाले अन् आम्हाले अडाणी ठरवलं. सगळंच उकलाचं तर आभायाकडे पाहाचं कायले?”

अडाणीपणाबद्दल तुमचं बरोबर आहे. लोकांच्या सांगण्याला लेखात ‘अफवा’ हा शब्द लावला होता, तो चुकीचा होता आणि आता काढला आहे. पाहिलेलं खरंच होतं. फक्त ‘आमच्या वावरामागं पडलं’ हा अंदाज चुकला, आणि तो कुणाचाही चुकतो. जळतं यान साधारण ८० किलोमीटर उंचीवर तुटायला लागतं. एवढ्या उंचीवरची वस्तू हजारेक किलोमीटरवरूनही क्षितिजालगत दिसू शकते. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशात सुमारे १० अंश झाकते; क्षितिजापासून तेवढाच वर दिसणारा गोळा प्रत्यक्षात सुमारे ४०० किलोमीटर लांब असतो. डोळ्याला ते अंतर मोजायला काहीच आधार नसतो, म्हणून तो बांधापलीकडच्या पळसामागं उतरल्यासारखा वाटतो. गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश, विदर्भ, सगळीकडच्या लोकांनी त्या रात्री एकच वस्तू पाहिली.

‘मोकळे झाले’ हे मात्र पटत नाही. २ एप्रिल २०२२ ला पावणेआठच्या सुमारास जे गेलं, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी दाखवलं. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली आणि पवनपारला एक गोल टाकी सापडली. तो टप्पा वर्षभर फिरताना दर फेरीत पृथ्वीजवळ आला की विरळ हवा त्याला थोडं थोडं घासायची. सूर्य तापट झाला की वरची हवा फुगते आणि घासणं वाढतं, म्हणून पडण्याची वेळ शेवटच्या दिवशीही काही तासांच्या फरकानंच सांगता येते. शेवटी शेवटी एक फेरी दीड तासाची असते, म्हणजे तासाभराची चूक झाली तर जागा अर्धी पृथ्वी ओलांडून जाते. पाडव्याचा दिवस कुणी ठरवला नव्हता. दिसण्यात मात्र पाडव्याचा वाटा होता: आदल्या दिवशी अमावास्या, चंद्राची कोर बारीक आणि लवकर मावळणारी, आकाश काळंभोर.

हात जोडणाऱ्यांवर माझा आक्षेप नाही. एवढं मोठं काही डोक्यावरून आवाज न करता गेलं तर हात जोडले जाणारच. अडचण पुढं होते. ‘याचा अर्थ काय, कोणावर आलं’ याचीच चर्चा रात्रभर चालते, आणि कुठून निघालं, किती वेळ दिसलं, हे सकाळपर्यंत विसरून जातं.

उल्का की यान, हे ओळखायला वेळ हीच पहिली खूण आहे. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं शिरते. साधी उल्का सेकंदभरात विझते, मोठा अग्निगोल काही सेकंद टिकतो. कक्षेतून उतरणारं यान त्याहून हळू आणि जवळजवळ आडवं येतं. तुकडे एका रांगेत, शेपट्या ओढत, मिनिटभरही दिसतात. पण घाबरलेला माणूस पाच सेकंदांचे तीस सांगतो. म्हणून त्याला त्याच जागी उभं करून हातानं ती वाट पुन्हा दाखवायला सांगायची आणि दुसऱ्यानं मोबाइलवर वेळ धरायची.

दिशा सांगताना ‘गावाच्या वरच्या अंगानं’ हे उपयोगाचं नाही. उभं राहण्याची जागा पक्की करा. गोळा पाण्याच्या टाकीच्या डावीकडून निघाला की कडुलिंबाच्या शेंड्यावरून गेला, ते धरा आणि उंची मुठींत मोजा. मोबाइलचं होकायंत्र टिनपत्रे आणि मोटारसायकल यांच्याजवळ चुकतं, चार पावलं दूर जा. एप्रिलच्या संध्याकाळी मृग पश्चिमेकडे असतो आणि ईशान्येला म्हातारीची बाज, मागं तिचे तीन चोर (पुस्तकातले सप्तर्षी). त्यांच्या आधारानं सांगितलेली वाट सगळ्यांत पक्की. व्हिडिओत झूम करू नका, घराचा किंवा झाडाचा कोपरा चौकटीत राहू द्या. मूळ फाइल जपा, कारण व्हॉट्सअॅपवरून गेली की चित्र दबतं आणि फाइलमधली वेळेची नोंद निघून जाते. पन्नासेक किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांच्या अशा नोंदी मिळाल्या की रेषा जिथं छेदतात तिथं खरी उंची निघते.

काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. टाकीत दाब किंवा विषारी इंधनाचा अंश असू शकतो, पोलिसांना कळवा. दगड असेल तर आपल्याकडे घोटाळा ठरलेला: विदर्भाच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोहखनिज आणि लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांची मळी. फक्त चुंबकानं ठरवू नका, बेसाल्टही थोडा ओढला जातो. बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बहुतेक उल्कापाषाण नाहीच. फरशीच्या बिनचकाकीच्या पाठीवर घासून लाल रेघ आली तर ते हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. ताज्या उल्कापाषाणावर मिलिमीटरहून पातळ काळी साल असते आणि तुटलेल्या जागी आतला रंग फिका दिसतो.

असाच दगड २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला पडला. लोकांनी आवाज ऐकला, तुकडे वेचले. त्या तुकड्यांत पुढं ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरखाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथवर कोणतंही भोक पोचत नाही. अवकाशात दोन दगडांची टक्कर झाली, त्या दाबानं ते तयार झालं आणि संत्र्यांच्या मुलखात येऊन पडलं. हे उकललं म्हणून आभाळ लहान झालं, असं मला काही केल्या वाटत नाही, भाऊ.

तुम्ही ती वाट अर्ध्या आभाळभर पाहिली म्हणता. त्याच अंगणात रात्री पावणेआठला उभे राहा. म्हाताऱ्यांनाही सोबत घ्या. ती कुठं सुरू झाली, कुठं विझली, बाजेच्या कोणत्या अंगानं गेली, किती मुठी वर होती, तेवढं खाली लिहा. दुसऱ्या गावाची नोंद आली की दोन्ही रेषा नकाशावर मी ओढतो.