आप्पा अजातशत्रू नव्हते

गेल्या आठवड्यात आप्पांचं तेरावं झालं. देवगड स्टँडजवळ कुणीतरी प्रेमाने बॅनर लावलाय, 'मनमिळाऊ, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व'. लावणाऱ्यांचे आभार. पण माझ्या वडिलांना किमान तीन शत्रू होते, आणि त्यातला एक माझा सख्खा मामा.

1986 साली मामाला ट्रॉलर घ्यायचा होता. कर्जाला जामीनदार हवा होता. घरात बँकवाले भावोजी असताना दुसरीकडे कशाला जायचं? आप्पांनी सही केली नाही. "जामीन रवणा म्हणजे कर्ज घेणाच," एवढंच म्हणाले. 1872 च्या करार कायद्यातही तेच आहे. हप्ते थकले की बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं असं काही बंधन नाही, थेट जामीनदाराला गाठता येतं. पण हे मामाला कोण सांगणार? आई चार भाऊबीजा माहेरी गेली नाही.

मामाने दुसरा जामीनदार शोधला, ट्रॉलर घेतला आणि कर्ज पै न् पै फेडलं. म्हणजे आप्पांचा अंदाज साफ चुकला. मोठा झाल्यावर मी एकदा त्यांना हे ऐकवलंही. "फेडल्यान, बरा झाला. तरी माझा उत्तर ताच." मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा येतो.

बाकी नोकरी सगळ्यांसारखीच. 1973 ला क्लार्क, मार्चएंडला घरी जेवायलाही नाहीत, 2001 ला व्हीआरएस. खरे आप्पा त्यानंतर दिसले.

गणपतीला चाकरमानी आले की आमच्या पडवीत पासबुकांचा ढीग पडायचा. कुणाच्या आजोबांचं जुनं खातं, कुणाच्या आतेची एफडी, पावती उंदरांनी कुरतडलेली. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण ते बुडत नाहीत, वारसांना आपल्या बँकेकडेच मागता येतात. हे आप्पा आरती आणि मोदक यांच्या मध्ये समजावत बसायचे. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : "नॉमिनी कोण?" भर लग्नात नवऱ्यामुलाला अक्षता टाकून विचारलंय त्यांनी, "आता नॉमिनी बदलतलंस मां?" लोक म्हणायचे, म्हातारा अशुभ बोलतो. वर त्यांचं पालुपद असायचं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने पैसे घ्यायचे ते वारसांसाठी. यावरून दोन सख्ख्या भावांमध्ये आमच्याच पडवीत जुंपली होती. शत्रू क्रमांक दोन आणि तीन तिथले.

नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली. "चार? झगडे वाढतले," म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

तेराव्याला मामा आला होता. पंगतीत वाढपाला उभा राहिला, बोलला काहीच नाही.

काल आईला घेऊन शाखेत गेलो. कपाटात एक फाईल होती, वर त्यांच्या अक्षरात 'माझ्यानंतर'. आत एफडींची यादी, नॉमिनी नोंदल्याच्या पोचपावत्या, फॉर्मवर कुठे सही करायची तिथे पेन्सिलची बारीक फुली. मृत्यूचा दाखला आणि आईचं आधार तेवढं आम्ही जोडलं. मॅनेजर पोरगा पानं उलटत राहिला, त्याला विचारायला काही उरलं नव्हतं.

मी अख्ख्या दिवसाची रजा टाकली होती. पाऊण तासात आम्ही बाहेर आलो. पाऊस लागला होता, आईकडे छत्री होती, आणि घरी जाऊन करण्यासारखं काहीच नव्हतं.