जंतूंची सुधारित शेती

कापसाने रडवलं, केळीचा भाव तर विचारूच नका. म्हणून भाऊ, यंदा एक नवं पीक सुचवतो. पाणी लागत नाही, रात्रीच्या लाइटीची वाट बघावी लागत नाही, जळगावच्या मे महिन्यातही करपत नाही. पीक आहे औषधाने न मरणाऱ्या जंतूंचं.

बियाणं कसं धरायचं हे तुम्हाला काय शिकवायचं! भरिताच्या वांग्याचं बी धरताना वाफ्यातलं सगळ्यात जोमदार झाड राखून ठेवताच ना? इथेही तेच. अँटिबायोटिकची, म्हणजे जिवाणू मारणारी गोळी दिवसातून दोनदा लिहिली असेल तर एकदाच घ्या, उरलेली अर्धी पोराला द्या. कमी मात्रेत हळवे जंतू मरतात आणि तग धरतो तो बेण्याचा. पेनिसिलीन शोधणारे फ्लेमिंग १९४५ च्या नोबेल भाषणात याच गोष्टीची धास्ती घालून गेले होते. त्यांच्याकडे शेती नसावी.

सर्दी झाली की थेट मेडिकल गाठा. ‘भाऊ, जरा भारी काही दे.’ सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूंवरची, दोघांची गाठच पडत नाही. पण पोटातल्या जिवाणूंना फुकटात तालीम मिळते, ते काय कमी आहे? पाकिटावर ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणारी लाल रेघ दिसेल, ती नक्षी समजा. २०१४ पासून काही औषधांसाठी दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. ती दाखवायला सांगून बिचाऱ्याला कशाला लाजवता?

आता गोठा. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली, की काही दिवस दूध डेअरीला घालू नये असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. पण किटली रिकामी न्यायची लाज वाटते. आमच्याकडे एकदा असंच दूध घरीच ठेवलं आणि आईने रात्री विरजण लावलं. सकाळी पाहतो तर दूध जसंच्या तसं, पाण्यासारखं पातळ. दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, नजर लागली. गायीवरून सात मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, घरभर ठसका, आणि विरजणातले जिवाणू गोठ्यातल्या औषधाने मेलेत हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी दही लागलं. मिरच्यांचा गुण!

विरजणावरून आठवलं. हे जंतू तग धरण्याची युक्ती एकटे खात नाहीत. शेजारणीने वाटीभर विरजण न्यावं तशी एक जिवाणू दुसऱ्याला ती जनुकातून देतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. आपल्या गावात वाटी देताना अजून जात आठवते. जंतू पुढारलेले.

केळीचं काय? एर्विनिया या जिवाणूने कंद सडला की पूर्वी स्ट्रेप्टो, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक ओतत, ते एकवेळ ठीक. तुम्ही हरण्यावरही ओता. तो विषाणूचा रोग, मावा पसरवतो, झाड उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नाही, असं कृषी खात्याचे लोक म्हणतात. त्यांचं काय जातं? बाग तुमची, आणि बागेतली माती आयती औषधात मुरते.

कोंबड्यांकडेही लक्ष असू द्या. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्या नवापुरात सापडला, पण तो विषाणू, आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवी चांगली ठणठणीत कोंबडी आणि तिच्या खाद्यात वजनासाठी रोज चिमूटभर अँटिबायोटिक. देशात पूर्वी कोलिस्टिनही असंच चारत. २०१९ च्या जुलैत केंद्राने त्यावर बंदी आणली. कारण काय, तर म्हणे ते माणसासाठी राखून ठेवलेलं औषध आहे.

पीक तयार झालं हे कसं ओळखायचं? घरातलं म्हातारं माणूस लघवीच्या जळजळीने तापून दवाखान्यात पडतं. कल्चरचा, म्हणजे जंतूंवर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट येतो, औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर. हा आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही; हाच तुमचा भरघोस उतारा. या पिकाला हमीभावही आहे, फक्त तो तुम्ही मोजायचा, दिवसाला इतक्या इंजेक्शनांच्या हिशेबाने. मग डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवतील आणि हळूच म्हणतील, आता कोलिस्टिन देऊन बघू.

नाव ओळखीचं वाटलं ना? हो, तेच. कोंबड्यांचं.